छोट्या हत्तीत मावणारी दोन माणसांची कामाची होडी: पैसे देण्याआधी काय मोजायचं

धरणात पिंजऱ्यातले मासे सांभाळायचे आहेत, खाडीत कालवांच्या दोऱ्या तपासायच्या आहेत, जाळं टाकायचं आहे किंवा पाण्याचे नमुने घ्यायचे आहेत. काम कुठलंही असो, होडी बघायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो इंजिनाचा: किती हॉर्सपॉवर लागेल? आमच्या मते हा शेवटचा प्रश्न आहे. पैसे मोजकेच असतील तर ते आधी रुंदीत घाला, मग तरंगत्या फोममध्ये. त्यातून उरले तर इंजिन घ्या. रुंद आणि न बुडणारी होडी वल्ह्यांवरही काम करते. अरुंद होडीला इंजिन लावलं की ती फक्त जास्त वेगाने उलटते.

शेततळ्यासाठी होडी हवी असेल तर मात्र थांबा. तीस बाय तीस मीटरच्या अस्तरीकरण केलेल्या तळ्यात होडीची गरज नाही. चार निळे प्लास्टिक ड्रम, वर फळ्यांचा मंच आणि या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला दोर एवढ्यावर खाद्य टाकणं आणि जाळं फिरवणं दोन्ही होतं. दोनशे लिटरचा एक बंद ड्रम गोड्या पाण्यात जवळपास १९० किलो उचलतो. मंच दोराला धरून ओढत न्यायचा, बांबूने ढकलायचा नाही, कारण बांबूचं टोक तळाच्या प्लास्टिक कागदाला भोक पाडतं. होडीची धातूची कडही तेच करते.

आता खरी गरज असलेल्यांसाठी. खाली सगळीकडे दोन माणसांची, साधारण ३ मीटर म्हणजे दहा फुटी होडी धरली आहे.

आधी ओझ्याची यादी, मग होडी

कागदावर प्रत्येक वस्तूचं वजन लिहा. जाळ्याचं वजन ओलं असतानाचं धरा, कोरडं नाही. एक नमुना असा: होडी ६० किलो, दोन माणसं १४०, ओलं जाळं ३५, मासळी आणि बर्फाचा क्रेट ६०, लहान इंजिन १८, पेट्रोलचा डबा ५, नांगर-दोर-वल्ही-लाइफ जॅकेटं १५. बेरीज ३३३ किलो.

होडी किती बसेल ते आता घरीच काढता येतं. एक लिटर गोडं पाणी बाजूला सारलं की एक किलो वजन तरंगतं. पाण्याच्या रेषेवरची लांबी गुणिले रुंदी (मीटरमध्ये) करा आणि आकारासाठी कपात करा. दोन्ही टोकं बोथट असलेल्या होडीला ०.८ ने गुणायचं, पुढून निमुळती असेल तर ०.७ ने. ३ × १.१ × ०.८ म्हणजे २.६४ चौरस मीटर. याचा अर्थ ही होडी दर २६ किलोला एक सेंटीमीटर खाली जाते. ३३३ किलोला ती १३ सेंटीमीटर बसेल. बाजूची उंची ४२ सेंटीमीटर असेल तर पाण्यावर २९ सेंटीमीटर सुका काठ उरतो. मोकळ्या धरणात पूर्ण ओझ्यावर २५ सेंटीमीटरपेक्षा कमी सुका काठ आम्ही मान्य करत नाही. वारा अडलेल्या अरुंद खाडीत २० चालतात.

माणसं किती बसवायची याचाही एक सोपा हिशेब आहे. लांबी गुणिले रुंदी फुटांमध्ये, भागिले १५. दहा बाय चारच्या होडीला २.६७ येतात, म्हणजे दोन माणसं. अपूर्णांक वर ढकलून तिसरा माणूस बसवायचा नाही.

रुंदीचा हिशेब सगळ्यांत जास्त फसवतो

होडी एका बाजूला कलली की ती परत सरळ होण्याची ताकद रुंदीच्या घनाने बदलते. १.२ मीटरऐवजी ०.९ मीटर रुंदीची होडी घेतली तर रुंदी पाऊण झाली, पण स्थिरता पाऊण राहत नाही. ०.७५ चा घन ०.४२. अर्ध्याहून जास्त स्थिरता गेली, तीही फक्त एका फुटापायी. लांबी मात्र दहा टक्के वाढवली तर स्थिरता जेमतेम दहा टक्के वाढते. म्हणून दुकानदार "ही बारा फुटी आहे, मोठी आहे" म्हणाला तर टेप लांबीला लावू नका. तळाची रुंदी मोजा आणि काठाची रुंदीही मोजा. दोन माणसांच्या कामाला काठावर १.२ मीटर आणि तळाशी किमान ०.९५ ते १ मीटर हवं. काठ रुंद आणि तळ फारच अरुंद असेल तर ओझं कमी असताना होडी डळमळते आणि भरल्यावर स्थिर वाटते. अशी होडी रिकामी परत येताना दगा देते.

तळ सपाट असलेली होडी उभं राहून काम करायला सगळ्यांत बरी. ती लाटेवर आपटते, हे खरं, पण या आकाराची होडी लाटेत न्यायचीच नसते. गोल तळाची होडी वल्हवायला हलकी, पण काठावरून ओझं ओढताना पटकन झुकते. खोल व्ही आकाराचा तळ वेगासाठी असतो. थांबून काम करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

यात माणसाच्या उभं राहण्याचा वाटा मोठा असतो. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य होडीच्या तळापासून जवळपास एक मीटर वर असतो. तोच माणूस खालच्या बाकावर बसला की तो चाळीस सेंटीमीटरच्या आसपास खाली येतो. सत्तर किलोचा माणूस काठाशी, मधल्या रेषेपासून अर्धा मीटर बाजूला गेला की ३५ किलो-मीटरचं (किलो गुणिले मीटर) कलतं बळ तयार होतं. वर तो जाळं ओढत असेल तर जाळ्याचा ताणही त्याच बाजूला पडतो. म्हणून बाक तळापासून २५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको. वर बर्फाचा खोका किंवा बॅटरी ठेवायची सवयही नको. जड ते सगळं तळाशी आणि मधोमध.

उजनीच्या पाण्यावर २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर मोठ्या जलाशयावर असा वारा काही मिनिटांत उठतो आणि उथळ, रुंद पाण्यावर लाटा आखूड आणि उभ्या येतात. तीन मीटरच्या होडीसाठी मे महिन्यातलं कामाचं वेळापत्रक पहाटे ते सकाळी दहा एवढंच धरा. होडी निवडताना हा वाराच डोळ्यांपुढे ठेवायचा आहे. सकाळचं आरशासारखं पाणी बघून निवडलेली होडी दुपारी कामाची नसते.

न्यायची कशी, हे आधी ठरवा

टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, याचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद. दहा फुटी होडी त्यात तीन फूट बाहेर येते. मागे लाल फडकं बांधून नेतात खरे, पण हौद्याबाहेर आलेला माल मोटार वाहन कायद्याने दंडाला पात्र आहे आणि रात्री ते धोक्याचंही आहे. तीन वाटा उरतात: मोठ्या हौद्याची पिकअप, हवेची होडी, किंवा दोन तुकड्यांची होडी.

दोन तुकड्यांची होडी आपल्याकडे कमी दिसते. ती जास्त दिसायला हवी. तीन मीटरची होडी मधून कापलेली असते, मागचा भाग १.६ मीटर आणि पुढचा १.४. पुढचा तुकडा मागच्यात बसतो, सगळा गठ्ठा साडेपाच फुटांत मावतो. प्रत्येक तुकड्याला जोडाच्या जागी स्वतःची उभी भिंत असल्याने तुकडा सुटा तरंगतो. जादा भिंतींमुळे आठेक किलो वजन वाढतं, पण एकेक तुकडा ३५ किलोच्या आत राहतो. जोडाला १० मिलिमीटरचे चार स्टेनलेस बोल्ट पुरतात. माणसं मधोमध बसतात तेव्हा होडी मध्ये खाली वाकू पाहते, म्हणून खालचे दोन बोल्ट सगळा ताण घेतात. त्यांच्यामागे १८ मिलिमीटर प्लायची पट्टी आणि ५० मिलिमीटरचा वायसर हवाच, शिवाय भोकाला रबरी वायसर. हे वगळलं की पहिल्या महिन्यात भोक लांबट होतं आणि पाणी येतं. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्या. ३०४ ला खाडीत तांबूस डाग धरतात.

वजनाची मर्यादा रस्ता ठरवत नाही, काठ ठरवतो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरतं आणि गाडी थांबते तिथून पाण्यापर्यंत शेकडो फूट चिखल असतो. खाडीत ओहोटीला तेच. चिखलातून एका माणसाला पंचवीस-तीस किलोच्या वर उचलून नेता येत नाही. दोघांसाठी ६० किलोची मर्यादा पक्की समजा. मागच्या फळीला दोन रुंद टायरची चाकं लावता येतात, अरुंद सायकलची चाकं रुततात. तळाला खालून लाकडाच्या दोन पट्ट्या मारल्या की होडी ओढता येते आणि तळही घासत नाही.

कशाची होडी

फायबरची होडी सगळीकडे मिळते आणि बहुतेकांसाठी हाच रस्ता सोपा. पण दोन होड्या बाहेरून सारख्या दिसतात आणि आतून वेगळ्या असतात. बनवणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. तळाला ४५० ग्रॅमच्या मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचे, किती थर? एक थर साधारण एक मिलिमीटर जाडी देतो आणि रेझिनसकट (धागे चिकटवणारा, वाळून कडक होणारा द्रव) चौरस मीटरला दीड किलो भरतो. तीन मीटरच्या होडीला तळाशी चार थर आणि बाजूला तीन हवेत. रेझिन कुठलं? आयसोफ्थॅलिक असेल तर पाण्यात टिकतं. साधं ऑर्थोफ्थॅलिक स्वस्त पडतं आणि सतत पाण्यात राहिलं की काही वर्षांत फोड येतात. तिसरा प्रश्न: मागच्या फळीत आत काय आहे? साधा प्लाय असेल तर इंजिनाच्या बोल्टच्या भोकातून पाणी शिरून तो आतल्या आत कुजतो.

वजन काट्यावर करून घ्या. बनवणारा चार थर सांगतो आणि होडी चाळीस किलो भरते, तर हिशेब जुळत नाही. उलट एकशे दहा किलो भरली तर रेझिन जास्त ओतलंय. अशी होडी जड असते, मजबूत नसते, कारण ताकद काचेच्या धाग्याची असते. ऊन बाहेरून पडू द्या आणि आतून बघा. रंग न दिलेल्या भागात पांढुरके ठिपके म्हणजे हवेचे बुडबुडे, पांढरे धागे म्हणजे रेझिन न पोचलेली जागा.

हवेची होडी दुचाकीवरही जाते, हा तिचा एकमेव पण मोठा फायदा. नमुने घेणं, पक्षीगणना, पाहणी यासाठी ती चांगली. जाळं, गळ, कालवं यांच्यासाठी नाही. खाडीतल्या खडकावरची कालवं ब्लेडसारखी असतात. घ्यायचीच तर हवेचे किमान तीन वेगळे कप्पे, लाकडी किंवा कडक फळ्यांचा तळ, आणि झडपा बदलता येतील अशी घ्या. नळ्यांचा दाब साधारण ०.२५ बार असतो. सकाळी २७ अंशांना भरलेली होडी उन्हात ठेवली आणि आतली हवा ६० अंशांवर गेली की तोच दाब जवळपास दीडपट होतो आणि शिवण सुटते. किनाऱ्यावर थांबताना हवा थोडी सोडायची, पाण्यात उतरवून गार झाली की परत भरायची. पीव्हीसी कापड आपल्या उन्हात लवकर म्हातारं होतं. हायपालॉन हे रबरी कापड जास्त टिकतं, किंमतही जास्त. आणखी एक दोष: ती हलकी असल्याने वारा तिला पाण्यावरून ढकलत नेतो, वल्ह्यांवर परत येणं कठीण जातं.

अॅल्युमिनियम मिळालं तर उत्तम. ५०५२ किंवा ५०८३ ग्रेड, दीड ते दोन मिलिमीटर जाडी. खाऱ्या पाण्यात त्याला पितळी स्क्रू किंवा तांबं असलेला रंग लावला की पत्रा खाल्ला जातो. गॅल्वनाइज्ड पत्र्याची होडी गोड्या पाण्यात स्वस्त पडते, पण जोडावर जस्त जळलेलं असतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. खाडीसाठी तिचा विचार नको. साच्यातून काढलेली जाड प्लास्टिकची होडी दगडावर आपटली तरी फुटत नाही, पण जड असते आणि फुटली तर डिंकाने चिकटत नाही, वेल्डिंगच लागतं.

प्लायची होडी: कमी पैशात रुंदी

हाताशी एक चांगला सुतार आणि महिनाभर कोरडं हवामान असेल तर कमी पैशात सगळ्यांत रुंद आणि हलकी होडी प्लायचीच होते. तीन मीटरसाठी आठ बाय चारचे चार शीट लागतात: तीन ६ मिलिमीटरचे, एक तळासाठी ९ मिलिमीटरचा. तळ एका शीटपेक्षा लांब असल्याने एक तिरका जोड किंवा मागून पट्टी येते. दोन तुकड्यांची होडी केली तर ही अडचणच राहत नाही. इपॉक्सी हार्डनरसकट ८ ते १० किलो, ७५ मिलिमीटर रुंद काचेची पट्टी ३० मीटर, तळाला बाहेरून २०० ग्रॅमचं काचेचं कापड ४ मीटर. काठाला सागाची किंवा दुसऱ्या सरळ रेषांच्या लाकडाची पट्टी.

प्लायवर आयएसआय चिन्हाखाली आयएस ७१० हा क्रमांक पाहा, तो मरीन प्लायचा. आयएस ३०३ हा घरातल्या फर्निचरचा, दुकानात तोच "वॉटरप्रूफ" म्हणून मिळतो. नुसता छाप पुरेसा नाही. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अॅपवर तपासा. शीटच्या चारही कडा बघा, थरांमध्ये पोकळी दिसली तर शीट परत. एक बोटभर तुकडा कापून दिवसभर पाण्यात उकळा, वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटले तर तो प्लाय होडीचा नाही.

बांधणीत चार चुका वारंवार होतात. पहिली: इपॉक्सी महाग म्हणून प्लायवर फायबरवाल्याचं पॉलिएस्टर रेझिन वापरणं. ते लाकडाला धरत नाही, दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्र्यासारखं सुटतं आणि आत पाणी कोंडून ठेवतं. दुसरी: लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवणं. पॉलिएस्टरला उत्प्रेरक थोडा कमी-जास्त चालतो. इपॉक्सीत प्रमाण चुकलं तर माल कायमचा चिकट राहतो, म्हणून वजनकाट्यावर मोजून कालवा. तिसरी: उन्हाळ्यात एकदम किलोभर कालवणं. डब्यात ते तापून धूर सोडतं आणि वाया जातं. एका वेळी दोनशे ग्रॅम, पसरट ताटलीत. चौथी: दमट हवेत दोन हातांच्या मध्ये जो मेणचट थर येतो तो न धुता पुढचा हात मारणं. साध्या पाण्याने आणि खरबरीत घासणीने धुवा, वाळवा, मग घासा. पॉलिशपेपर आधी मारला तर मेण आत घासलं जातं.

कमी पैशात आणखी एक वाट आहे, आणि ती कोकणाला जुनीच माहीत आहे: अरुंद होडीला उलांडी, म्हणजे आडव्या दांड्यांवर बाजूला बांधलेला तरंगता आधार. जुनी पण धड असलेली अरुंद होडी स्वस्तात मिळाली तर दोन्ही बाजूंना १६० मिलिमीटरचा, दोन्ही टोकं बंद केलेला दोन मीटर पीव्हीसी पाइप लावता येतो. एक पाइप ४० किलो उचलतो. मधल्या रेषेपासून १.२ मीटरवर लावला तर ४८ किलो-मीटरचा आधार मिळतो, काठावर उभ्या माणसाच्या ३५ पेक्षा जास्त. पाइप पाण्याच्या रेषेपासून पाच-सात सेंटीमीटर वर ठेवा, म्हणजे सरळ चालताना ओढ लागत नाही आणि होडी कलली की तो लगेच टेकतो. एकाच बाजूला उलांडी लावली तर दुसऱ्या बाजूला उलटण्याचा धोका तसाच राहतो. जाळं ओढायच्या बाजूचा दांडा काढता यावा म्हणून बोल्टऐवजी खिट्टी ठेवतात. खिट्टी काढली की त्या वेळेपुरती होडी पुन्हा अरुंद झाली, हे लक्षात ठेवून बसूनच ओढायचं.

जुनी होडी घेताना

होडी उलटी करा. नाण्याने तळ ठोकत जा. खणखणीत आवाज येत असताना मध्येच ठसठस आवाज आला तर तिथे थर सुटलेत. मागच्या फळीवर इंजिन लावायच्या जागी पूर्ण वजनाने मागे-पुढे ओढा. फळी हलली किंवा कोपऱ्यात चीर उघडली तर आतलं लाकूड गेलंय. खालचा एखादा स्क्रू काढा. भोकातून तपकिरी पाणी झिरपलं तर दुसरा पुरावा नको. बाहेरच्या रंगात चांदणीसारख्या चिरा म्हणजे कुठेतरी आपटलेली, त्या बुजवता येतात. बाकाच्या कडेने एकमेकींना समांतर चिरा म्हणजे होडी कायम वाकतेय, ती सोडून द्या. मालकाने सांगितलेल्या वजनापेक्षा काटा वीस किलो जास्त दाखवत असेल तर ते बहुधा आतल्या फोममध्ये मुरलेलं पाणी असतं.

पाण्यातली परीक्षा

ही परीक्षा न देणारी होडी घेऊ नका, विकणारा कितीही घाई करो. कमरेइतकं पाणी, जॅकेट अंगात, काठावर तिसरा माणूस.

आधी रिकाम्या होडीत एक माणूस मधोमध उभा करा आणि त्याला हळूच काठाकडे सरकू द्या. पाय काठाला टेकला तरी पाण्यावर किमान दहा सेंटीमीटर काठ उरला पाहिजे. मग यादीतलं ओझं वाळूच्या पोत्यांनी भरा, दोघं बसा आणि एकाने काठावर झुकून दहा किलोची बादली पाण्यातून वर घ्या. जाळं ओढण्याची ही नक्कल आहे.

आता पोती काढा आणि होडी मुद्दाम पाण्याने भरा. काठोकाठ. दोघं आत बसल्यावर ती सपाट तरंगत राहिली पाहिजे आणि डब्याने उपसता आली पाहिजे. ती एका टोकावर उभी राहिली किंवा पालथी झाली तर फोम कमी आहे किंवा चुकीच्या जागी आहे. हिशेब असा. फायबर पाण्यापेक्षा दीडपट जड, म्हणून ८० किलोची होडी पाण्याखाली २७ किलो भरते. इंजिन १५, नांगर वगैरे ८, आणि पाण्यात बसलेला माणूस प्रत्येकी २० धरा. एकूण ९० किलो, म्हणजे ९० लिटर फोम अगदी किमान. आम्ही १५० लिटर सांगतो. तो काठाखाली, दोन्ही बाजूंना लांबट बाकांत. तळाशी भरला तर पाणी भरलेली होडी उलटी होते, कारण फोम वर यायला बघतो.

पांढरा थर्माकोल पेट्रोलने आणि पॉलिएस्टर रेझिनने विरघळतो, शिवाय हळूहळू पाणी पितो. बंद पेशींचा पॉलियुरेथेन फोम घ्या. पैसेच नसतील तर दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या, झाकणं घट्ट लावून. ७५ बाटल्या म्हणजे १५० लिटर. बाटल्यांमध्ये पोकळ जागा राहते, त्यामुळे बाक फोमपेक्षा दीडपटीहून मोठे लागतात. दर वर्षी उघडून चेपलेल्या बाटल्या बदला.

वल्ही, मग इंजिन

काठावर चार फूट रुंद असलेल्या होडीला साडेसात फुटी वल्ही लागतात. आखूड वल्ह्याने हात दुखतात आणि होडी सरकत नाही. वल्ह्याची कडी बाकाच्या मागच्या कडेपासून होडीच्या मागच्या टोकाकडे ३० सेंटीमीटरवर आणि बाकापेक्षा २० सेंटीमीटर उंच. इंजिन असलं तरी वल्ही होडीतच.

दहा फुटी होडीचा पाण्यातला सहज वेग ताशी सात-साडेसात किलोमीटर, त्याच्यापुढे ती स्वतःच्या लाटेत अडकते. अडीच हॉर्सपॉवर तेवढ्याला पुरतं. जास्त ताकद फक्त मागची बाजू खाली दाबते. मागच्या फळीची उंची ३८ सेंटीमीटर असेल तर आखूड दांड्याचं इंजिन, ५१ असेल तर लांब. धरणात बुडालेल्या झाडांच्या खोडांना पंखा लागतो, म्हणून चार जादा शिअर पिना (पंखा अडकला की आधी तुटणाऱ्या छोट्या पिना) आणि पक्कड दोरीने बांधून ठेवा. बॅटरीची मोटर शांत असते. पण १२ व्होल्टची ५५ पौंड ताकदीची मोटर पूर्ण वेगाला ५० अँपिअरच्या आसपास खाते आणि शंभर अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरायची असते. हाती आला तो एक तास, आणि बॅटरी तीस किलोची.

इंजिन लावलं की कागदपत्रं आली. इनलँड व्हेसल्स अॅक्ट २०२१ नुसार यांत्रिक होडीची नोंदणी आणि तपासणी लागते, आपल्याकडे महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे चौकशी करा. धरणाच्या पाण्याला जलसंपदा विभागाची परवानगी आणि मासेमारीला ठेका असलेल्या संस्थेची संमती वेगळी. समुद्री मासेमारीच्या होडीची नोंदणी रिअलक्राफ्ट या सरकारी पोर्टलवर. अनुदान घ्यायचं असेल तर मंजुरीपत्र हातात येण्याआधी बिल करू नका.

पैसे वाचवण्याच्या यादीत जॅकेट बसत नाही. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला शंभर न्यूटन (तरंगवण्याची ताकद) लिहिलेलं, कॉलरवालं जॅकेट घ्या, पन्नास न्यूटनचं फक्त पोहता येणाऱ्यासाठी असतं. नांगर ४ किलोचा, त्याला दोन मीटर साखळी आणि पाण्याच्या खोलीच्या पाचपट दोर. उपसायचा डबा होडीला बांधलेला.

पहिल्या दहा फेऱ्यांनंतर जोडाचे बोल्ट, फळीचे स्क्रू आणि कड्या पुन्हा आवळा, लाकूड दबल्याने ते सैल पडलेले असतात. खाडीतून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, बाकाच्या झाकणांची बुचं उघडून ठेवा आणि होडी दोन लाकडांवर पालथी घाला. ताडपत्री थेट अंगाला चिकटवू नका. मध्ये हातभर हवा खेळती ठेवा, नाहीतर आतली ओल तिथेच राहते आणि पुढच्या हंगामात मागची फळीच पहिल्यांदा जाते.